तीन लाखांचा कागद

तालुक्याच्या बँकेत रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या मावशींनी घरपट्टीच्या पावत्या काउंटरवर ठेवल्या. तारेला ओवलेल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. तीन लाख कर्ज हवं होतं. अधिकारी शांतपणे म्हणाले, "मावशी, ही पट्टी भरल्याची पावती झाली. घर मालकीचं असल्याचा कागद आणा." लग्न होऊन आल्यापासून ज्या घरात राहिल्या, त्याचा कागद नाही, हे माझ्या मनातून जाईना. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावी गावठाणाची मोजणी लागल्याचं कळलं आणि मी गेले.

शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. महसूल शेतावर लागायचा, गावठाणावर नाही, त्यामुळे घरांच्या जागा मोजायची गरजच कुणाला वाटली नाही. मोठ्या गावांची गावठाणं पुढे मोजली गेली, लहान गावं राहून गेली. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 हाच आधार, आणि तो कर आकारणीचा उतारा. त्याच उताऱ्यावर मावशींना घरकुलाचे 1 लाख 20 हजार हप्त्याहप्त्याने मिळाले. एवढ्यात एक खोली आणि स्वयंपाकघर उभं राहिलं. पुढच्या दोन खोल्या आणि स्लॅब यांना तीन लाख. अनुदानाला जो उतारा चालतो, तो कर्जाला चालत नाही.

हा पेच सोडवण्यासाठी स्वामित्व योजना आहे: गावठाण मोजून प्रत्येक घराला मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीचा कागद, देणारी. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग आधी झाला, आणि 24 एप्रिल 2020 ला योजना देशभरासाठी जाहीर झाली.

मावशींच्या गावात मोजणीच्या दिवशी पहाटेच ग्रामपंचायतीचा शिपाई घमेल्यात चुन्याची फक्की घेऊन निघाला. प्रत्येक घराच्या हद्दीवर पांढरी रेघ. बोळात वाकून, गोठ्याला वळसा घालून, उकिरड्याच्या कडेने. चुन्याचा तिखट वास नाकात बसला. एका सामाईक भिंतीपाशी दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले, तेव्हा शिपाई फक्की हातात धरून थांबला. "तुमचं ठरू द्या, मग रेघ." खालच्या पदावरच्या त्या माणसाची समज मला फार मोठी वाटली. ड्रोन उडाला, फोटो निघाले, नकाशा तयार झाला. पण ड्रोनला पत्रा दिसतो, पत्र्याखालची भिंत दिसत नाही. पागोळी कुणाच्या जागेत पडते, हे जमिनीवर येऊनच बघावं लागतं.

म्हणून खरं काम चौकशीच्या दिवशी. मारुतीच्या देवळासमोर टेबल, त्यावर नकाशा, भूमी अभिलेखचे कर्मचारी. मावशींचा नंबर आला.

"मालक कोण?"

"मीच हाय की."

"नमुना 8 ला नाव कुणाचं?"

नाव नवऱ्याचं. ते मुंबईत माथाडी कामगार, गावी येतात जत्रेला आणि गणपतीला. रजिस्टरात नवऱ्याचंच नाव गेलं. दोघांचं लावायचं तर त्यांची संमती आणा, असं मावशींना सांगण्यात आलं. सांगणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्यापुढे अजून लांबलचक रांग होती. पण घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यायचा सरकारचाच नियम आहे, आणि त्याच घराखालच्या जागेच्या कागदावर बाईचं नाव नाही. मला याचा राग आला, अजून आहे.

मावशी मात्र हिशेबात. "तीन लाखाला हप्ता किती बसंल?" त्यांनी मला विचारलं. मिळकत पत्रिका हातात आली म्हणून बँक लगेच पैसे देत नाही. उत्पन्न बघते, फेडायची ताकद बघते. तरी पत्रिकेमुळे घर गहाण ठेवता येतं, निदान अर्ज आत घेतला जातो. मात्र पत्रिकेवर ज्याचं नाव, तारण त्याचं. सह्या करायला मुंबईचा माणूस लागणार, आणि घर राखणारी बाई पात्रतेच्या बाहेरच उभी राहणार.

योजना गरजेची आहे, हे मी मोजणी बघून ठामपणे म्हणते. तिच्यातली ही उणीव भरून काढायला नवा कायदा लागत नाही, चौकशीच्या टेबलावर एक प्रश्न जास्त विचारावा लागतो.

तुमच्या गावात मोजणीची नोटीस लागली तर घरातल्या बाईला चौकशीला घेऊन जा. नमुना 8 आधी तपासा, दोघांची नावं लावून घ्या, आणि काही चुकलं असेल तर हरकत मुदतीत, लेखी द्या.