प्रतिक्रियांची राखण

नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईचे व्यवहार बंद राहिले. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली व एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. ज्या 66अ कलमाचा आधार घेण्यात आला होता, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले.

त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र फारसा चर्चिला गेला नाही. कोणीही उठून तक्रार केली म्हणून संकेतस्थळाच्या चालकाने मजकूर काढलाच पाहिजे असे नाही. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना आल्यावरच ते कायदेशीर बंधन उद्भवते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पण कायद्याचे बंधन नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. चालक जेथे राखण सोडतो, तेथे ती पोलीस अथवा जमाव आपल्या हाती घेतो, हाच पालघरचा धडा आहे.

वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात हा प्रश्न रोजचा आहे. शाळेचे, महाविद्यालयाचे किंवा स्थानिक वार्तेचे संकेतस्थळ सुरू करताना बातमीखालील प्रतिक्रियांची चौकट बहुधा आहे तशीच उघडी ठेवली जाते. वास्तविक साधने हाताशी असतात. वर्डप्रेससारख्या प्रणालीत प्रत्येक प्रतिक्रिया मंजुरीपर्यंत रोखता येते, किंवा केवळ नवख्याची पहिली प्रतिक्रिया तपासून पुढे त्याला मोकळीक देता येते. दोन वा अधिक दुवे असलेला मजकूर आपोआप थांबविण्याची व जुन्या लेखांवरील चर्चा ठरावीक दिवसांनी बंद करण्याचीही सोय आहे.

वर्ज्य शब्दांच्या यादीवर मात्र विसंबून चालणार नाही. ही यादी शब्दाच्या पोटातील अक्षरेही जुळवते. ‘मर’ हा शब्द वर्ज्य केला की ‘अमर’ आणि ‘समर्थ’ही अडकतात. उलट मराठी, हिंदी, गुजरातीबरोबर वाडवळी आणि सामवेदी बोलल्या जाणाऱ्या या भूमीत कोणता शब्द थट्टेचा आणि कोणता जिव्हारी लागणारा, हे यंत्राला उमगत नाही. ते माणसालाच वाचावे लागते.

वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात हीच शिस्त दीर्घकाळ चालत आली आहे. पत्रलेखकाने नावपत्ता द्यावा आणि छापलेल्या मजकुराची जबाबदारी नाव जाहीर असलेल्या संपादकाने घ्यावी, हा तेथील रिवाज. संकेतस्थळानेही आपले नियम चौकटीच्या वरच लिहावेत, निवड करणाऱ्याचे नाव द्यावे आणि वगळलेल्या प्रतिक्रियेचे कारण तिच्या लेखकाला कळवावे. धमकी, बदनामी व जातिधर्माचा द्वेष यांना मज्जाव असावा. संस्थाचालकांवरील टीकेला मात्र नसावा. मुख्याध्यापकांना न रुचलेली प्रतिक्रिया गुपचूप पुसली जाऊ लागली, तर नियम हा केवळ बहाणा ठरतो.

अशा राखणीस वेळ लागतो हे खरे. ज्या संस्थेकडे तेवढा वेळ नाही, तिने चौकट बंद ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. लोकांना बोलण्याचे आमंत्रण द्यावयाचे आणि त्यांचे बोलणे ऐकावयास कोणीच बसवावयाचे नाही, हे मात्र कोणत्याही अर्थाने लोकशाहीचे लक्षण नव्हे.