फवारणीनंतरचे चार दिवस

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या खांद्याला लागली होती. एवढ्या उंच झाडावर फवारा मारायचा तर नोझल तोंडाच्या पातळीला येतं. वारा फिरला की तुषार डोळ्यांत, नाकातोंडात जातात. दमट हवेत सदरा घामानं भिजलेला असतो आणि ओल्या कापडातून विष कातडीत मुरत राहतं. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत जिल्ह्यात 800 च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं आजारी पडले, 20 हून अधिक दगावले. बरेचसे रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आले. विषबाधा ओळखण्यासाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय त्या वेळी तिथं नव्हती. सरकारनं नेमलेल्या विशेष तपास पथकानं पुढे मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर बंदीची शिफारस केली.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली रसायनं. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचतो तो असिटिलकोलीन या द्रव्यामार्फत. काम झालं की कोलिनेस्टरेज हे विकर त्याचा काही सहस्रांश सेकंदांत निकाल लावतं. ऑर्गनोफॉस्फेट नेमकं हे विकर बंद पाडतं. मग असिटिलकोलीन साचत जातं, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर थकून ढिले पडतात. अ‍ॅट्रोपिन या औषधानं लाळ आटते, छातीतला चिकट स्राव कमी होतो, मंदावलेली नाडी वाढते. स्नायूंच्या लुळेपणावर मात्र त्याचा काही उपयोग होत नाही. या रुग्णांचा खरा धोका त्या लुळेपणात आहे.

तो मोजता येतो. स्नायू आकसताना सूक्ष्म वीज निर्माण होते, हे एमिल द्युबुआ-रेमाँ या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात माणसाच्या हातावर दाखवून दिलं. 1929 मध्ये अ‍ॅड्रियन आणि ब्रॉन्क यांनी सुईच्या आत तार बसवलेला इलेक्ट्रोड वापरला आणि स्नायूतल्या थोड्याशा तंतूंची वीज वेगळी टिपणं शक्य झालं. इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे ईएमजी, तिथून दवाखान्यात आली. विषबाधेच्या रुग्णाला सुई टोचण्याचीही फारशी गरज पडत नाही. करंगळीच्या बाजूला तळव्याच्या मांसल भागावर चिकटपट्टीसारखा इलेक्ट्रोड लावायचा, मनगटाशी अल्नर मज्जातंतूला विजेचा हलका झटका द्यायचा आणि स्नायूचं उत्तर पडद्यावर पाहायचं. निरोगी माणसात एका झटक्याला एकच लाट उठते, काही मिलिव्होल्ट उंचीची. ऑर्गनोफॉस्फेटच्या रुग्णात त्या लाटेमागे आणखी छोट्या लाटा येतात, कारण साचलेलं असिटिलकोलीन स्नायूला पुन्हा पुन्हा चेतवत राहतं. झटके भरभर दिले तर दुसरी लाट एकदम खचते आणि पुढच्या लाटा हळूहळू वर चढतात. विषबाधा आणखी खोल असेल तर त्या चढतच नाहीत.

या आजाराचा स्नायूंशी असलेला संबंध महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी फार आधी ओळखला होता, आणि हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. 1974 मध्ये डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या 200 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लक्षणांचे दोन गट केले: दाखल होतानाच दिसणारी, अ‍ॅट्रोपिनला दाद देणारी, आणि नंतर, बहुधा दुसऱ्या दिवसापासून उमटणारी, अ‍ॅट्रोपिनला न जुमानणारी. दुसऱ्या गटात दंड-मांड्या लुळ्या पडतात, श्वास थकतो. 1987 मध्ये वाडियांच्याच गटानं अशा रुग्णांच्या विद्युत तपासण्या छापल्या. श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांतही मज्जातंतूतून संदेश नेहमीच्याच वेगानं धावत होता. बिघाड तंतूत नव्हता, तंतू आणि स्नायू यांच्या सांध्यात होता. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएड्डे यांनी या उशिराच्या लुळेपणाला 'इंटरमीजिएट सिंड्रोम' हे नाव दिलं आणि जगभर तेच रुळलं.

विष अंगात गेल्यावर साधारण 24 ते 96 तासांत हा लुळेपणा येतो. रुग्ण शुद्धीवर आलेला असतो, बोलत असतो, नातेवाईक घरी नेण्याची भाषा करू लागतात. आणि त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. डॉक्टरांना कळणारी पहिली खूण बहुधा हीच. 2008 मध्ये श्रीलंकेतूनच आलेल्या अभ्यासात, मान ढिली पडण्याआधीच लाटांचा आकार बदललेला दिसला. म्हणजे कोणाला श्वासयंत्र लागू शकेल याचा अंदाज काही तास आधी बांधता येतो. जिथं श्वासयंत्रं मोजकी आणि पावसाळ्यात खाटा भरलेल्या, तिथं हे काही तास फार मोलाचे आहेत. फवारणीच्या हंगामात ईएमजीचं यंत्र वॉर्डातच, खाटेशेजारी हवं. वेगळ्या इमारतीत, आठवड्यातल्या ठरावीक वारी चालणारी तपासणी या रुग्णांच्या कामाची नाही.

ईएमजी सगळी विषं ओळखत नाही. यवतमाळात त्या वर्षी डायफेन्थियुरॉनचीही फवारणी झाली होती. ते कोलिनेस्टरेजला हात लावत नाही, पेशीतल्या ऊर्जेच्या निर्मितीवर घाला घालतं. वावरात तर दोन-तीन रसायनं एकाच पंपात मिसळली जातात. त्यामुळं लाटा नेहमीसारख्या दिसल्या म्हणून रुग्णाला घरी धाडणं धोक्याचं. रक्ताची चाचणी, पंपात काय काय ओतलं याची विचारपूस आणि ईएमजी, तिन्ही लागतात.

काही ऑर्गनोफॉस्फेटांचा आणखी एक घाव दोन-तीन आठवड्यांनी येतो. मज्जातंतूंची लांब टोकं झडू लागतात, आधी पायांची. पाऊल लोंबतं, चाल बिघडते. त्याच कुळातल्या क्रेसिल फॉस्फेटनं मुंबईत झालेल्या अशा विषबाधेवर व्होरा, दस्तूर आणि सहकाऱ्यांचा लेख 1962 मध्ये आला होता. या टप्प्यात मात्र सुईची ईएमजी लागते: तंतू तुटलेला स्नायू विश्रांतीतही आपोआप बारीक ठिणग्या सोडतो आणि त्या पडद्यावर दिसतात. पण तोवर मजूर गावी परतलेला असतो, घाटंजी, आर्णी, झरी-जामणीकडे, आणि पायातल्या मुंग्यांसाठी रोज बुडवून कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी येत नाही. त्याला घरी सोडतानाच्या कागदावर तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहिलेली हवी, जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्या दिवशी हातात मिळायला हवी, आणि गावच्या आशाताईंकडे त्याचं नाव आधीच पोचलेलं हवं.