हॉटेलच्या गच्चीवर बारमाही फुलं: ऑर्डर घेण्याआधी हे वाचा



शहरातली हॉटेलं गच्चीवर टेबलं लावतात आणि तिथे वर्षभर टिकणारी फुलांची सजावट मागतात. आपली झाडं मे महिन्यात वाळली की त्या जागी प्लास्टिकची फुलं येतात, आणि गिऱ्हाईक गेलं ते गेलं. रोपवाटिका असलेल्या सभासदांनी एवढं नीट बघा.

*वजन:* ओल्या मातीचा एक घनफूट 45 ते 50 किलो भरतो. 4 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट खोल पेटीत नुसती माती भरली तर पावणेदोनशे-दोनशे किलो! कोकोपीट आणि गांडूळखत जास्त, माती कमी ठेवली तर वजन बरंच उतरतं. पेट्या कुठे ठेवायच्या ते इमारतीच्या इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

*झाडं:* दिवसाला 5-6 तास ऊन असेल तिथे बोगनवेल. तिचा रंग फुलाचा नसून फुलाभोवतीच्या पानांचा असतो, म्हणून टिकतो. पाणी आणि युरिया जास्त झाला की नुसती पालवी फुटते. काटे असतात, तेव्हा खुर्चीच्या मागे नको, कठड्याबाहेरच्या बाजूला वळवा. कमानीवर मधुमालती चढवा. ती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते. वासही रात्रीच येतो, म्हणजे नेमका जेवणाच्या वेळी. खालच्या पेट्यांत एक्झोरा, पेंटास.

*हे नको:* कण्हेर अजिबात देऊ नका, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण लवकर येतो आणि जेवणाच्या जागी रासायनिक फवारणी करता येत नाही. किडीसाठी निंबोळी तेल, तेही हॉटेल बंद असताना.

*पाणी:* ठिबक लावा. पेटीखाली पाणी साचलं तर डास होतात आणि स्लॅबही झिरपतो. निचऱ्याची नळी थेट गच्चीच्या पाइपला सोडा.

*दर:* नुसता रोपाचा दर सांगू नका. छाटणी, खत, मेलेलं रोप बदलणं याचा महिन्याचा दर वेगळा आणि लेखी घ्या. रोज पाणी कोण सोडणार तेही त्याच कागदावर लिहा. खरी कमाई या देखभालीत आहे. बदलीसाठी दर 10 रोपांमागे 2 रोपं शेडनेटमध्ये तयार ठेवा.

ज्यांच्याकडे बोगनवेल, मधुमालतीची मोठी रोपं आहेत त्यांनी संख्या आणि फोटो याच नंबरवर पाठवा. एकट्याने ऑर्डर पुरी होत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून घ्या.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी