लग्न झालं, नोकरी गेली

मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातल्या मुलींना लग्न झालं की कामावरून कमी केलं जाई. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. कंपनीचं म्हणणं असं, की इथे गटाने काम चालतं, एकीचा खाडा झाला की सगळ्यांचं अडतं आणि लग्न झालेल्या बायका खाडे जास्त करतात. साठच्या दशकाच्या मध्यात न्यायालयाने हे अमान्य केलं. मुलांमुळे खाडे होत असतील तर लेकुरवाळ्या विधवेचेही होतील, मग तिला का ठेवता? राहता राहिली बाळंतपणाची रजा, तर तेवढ्यापुरती बदलीची माणसं घेता येतात. इतकी साधी गोष्ट पटवायला कामगारांना दिल्ली गाठावी लागली.

सरकारही फार वेगळं वागत नव्हतं. परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीला लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा यांच्या खटल्यात १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी या नियमावर कडक ताशेरे ओढले. पण १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी घालवणारा नियम रद्द केला आणि पहिल्या चार वर्षांची लग्नबंदी मात्र रास्त ठरवली. निकालाचा तो भाग मला आजही पटत नाही.

नात्यागोत्याबद्दल नियमच नकोत, असं मुळीच नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियम पदाचं वजन वापरून घरच्यांना कंपनीत चिकटवायला मनाई करतात. त्याने वशिल्याला आळा बसतो, कुणाची भाकरी जात नाही. १९८६ पासून तर नवरा-बायकोला शक्यतो एकाच गावी नेमण्याचं केंद्राचं धोरण आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ आलं ते याच वाटेने.

पण हे धोरण आल्यानंतरही, १९८८ मध्ये, एका लष्करी परिचारिकेला लग्न केलं म्हणून काढून टाकलं गेलं. तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश निघाला तो थेट २०२४ मध्ये.

खासगी कंपन्यांत ‘जोडपं एका खात्यात नको’ हा नियम आजही भेटतो. एकाने दुसऱ्याची पगारवाढ ठरवू नये, इतपत तो योग्यच आहे. त्यासाठी खातं बदललं की पुरे. तेव्हा ऑफिसातच लग्न जुळलं, तर राजीनाम्यावर सही करण्याआधी नियमाची प्रत मागा, बदलीचा अर्ज लेखी द्या आणि राजीनामा तिनेच का द्यायचा, हे दोघांनी मिळून विचारा.