ऑप-अँप डळमळतोय का? चौकोनी लहर सांगेल

ऑप-अँपच्या बफरला लांब शिल्डेड केबल जोडली आणि सर्किट बिथरलं? इनपुटला चौकोनी लहर द्या, पण आउटपुट 100 मिलिव्होल्टच्या आतच ठेवा. सिग्नल मोठा असला की स्ल्यू रेट आडवा येतो आणि खरं दुखणं झाकलं जातं. (इथे मीही फसलोय!) प्रोब 10एक्सवर ठेवून स्कोपवर ओव्हरशूट बघा. 9-10 टक्के असेल तर फेज मार्जिन साधारण 60 अंश, निर्धास्त राहा. 23 टक्के म्हणजे जेमतेम 45. लहर बराच वेळ थरथरत असेल तर संशय केबलवर: मीटरमागे 100 पिकोफॅरड सहज भरतात. आउटपुटला सिरीजमध्ये 50-100 ओहमचा रेझिस्टर लावा. फीडबॅकची तार मात्र रेझिस्टरच्या आधी, थेट ऑप-अँपच्या पिनवरूनच घ्या.