पंप उघडण्याआधी त्याच्याभोवती पाहा

नवा व्हॅक्यूम पंप बसवला, मोटर सुरू झाली, पण गेजचा काटा 700 ला जायचा तो 650 वरच अडला. लगेच निकाल लागतो: "पंपच खराब आलाय." मग फाउंडेशनवरून पंप उतरवतात, खोलतात, आणि आत काहीच सापडत नाही. साखर कारखान्यात मळी गाळणाऱ्या रोटरी फिल्टरपासून औषध कारखान्यातल्या ड्रायरपर्यंत सर्रास दिसणाऱ्या वॉटर रिंग पंपाच्या बाबतीत तर दोष आधी जोडणीतच शोधावा.

सुरुवात गेजपासूनच करू. पूर्ण निर्वात म्हणजे 760 मिलिमीटर पारा, हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. साधं गेज बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा आतला दाब किती कमी आहे तेवढंच दाखवतं. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथला हवेचा दाबच जेमतेम 710 मिलिमीटर भरतो. आतला निरपेक्ष दाब 60 मिलिमीटर असेल, तर तोच पंप मुंबईत 700 दाखवील आणि पुण्यात 650. म्हणजे वरच्या उदाहरणातला पंप निर्दोषही असू शकतो. तक्रार करण्याआधी निरपेक्ष दाब मोजावा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पाण्याचा आहे. पाणी फक्त पंप थंड ठेवण्यासाठी असतं, असं अनेकांना वाटतं. खरं तर या पंपात पाणीच काम करतं. इंपेलर केसिंगच्या मध्यापासून थोडा सरकवून बसवलेला असतो. तो फिरला की पाणी कडेला फेकलं जाऊन त्याचं कडं तयार होतं. पाती आणि हे कडं यांच्यामधली जागा एका बाजूला वाढत जाते, तिथे हवा आत येते. दुसऱ्या बाजूला ती आक्रसते, तिथून हवा बाहेर ढकलली जाते. पाणी तापलं की त्याचीच वाफ ही जागा अडवते. पाण्याचा बाष्पदाब 15 अंश सेल्सिअसला सुमारे 13 मिलिमीटर असतो, 30 अंशांना 32 आणि 40 अंशांना 55. कॅटलॉगमधले आलेख बहुधा 15 अंशांच्या पाण्यावर काढलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टाकीतलं तेच तेच पाणी फिरवत राहिलं, तर कॅटलॉगमधला आकडा कुठून मिळणार? शिवाय दाब बाष्पदाबाच्या जवळ गेला की कॅव्हिटेशन सुरू होतं. आत खडी पडल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलर झिजू लागतो. हा आवाज बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलली जातात, आवाज तसाच राहतो. इथे कूलिंग टॉवर किंवा हीट एक्स्चेंजर लावून पाणी गार करावं लागतं आणि सक्शनवर व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह ठेवावा लागतो.

"मग पाणीच जास्त सोडू" हाही उपाय नव्हे. सुरू करताना केसिंगमध्ये पाणी साधारण शाफ्टच्या मध्यरेषेपर्यंत हवं. पूर्ण भरलेला पंप सुरू केला तर मोटरवर एकदम भार येऊन ती ट्रिप होते. उलट, फिरण्याची दिशा पाहायला पंप कोरडा चालवला तर मेकॅनिकल सील जळू शकतं. दिशा पाहायची तर कपलिंग सोडून मोटरला क्षणभर झटका द्यावा आणि केसिंगवरच्या बाणाशी ताडून घ्यावं. दिशा उलटी असेल तर वीजपुरवठा बंद करून, कुलूप लावून, तीनपैकी कोणतेही दोन फेज अदलाबदल करावेत.

पाइपांबाबत हाताशी असेल तो वापरण्याची सवय मोडायला हवी. 76 मिलिमीटर निरपेक्ष दाबाला तीच हवा बाहेरच्यापेक्षा दहापट जागा व्यापते. तिला पंपाच्या तोंडापेक्षा लहान पाइपातून आणलं तर पंपाची बरीचशी क्षमता वाटेतच संपते. डिस्चार्जमध्ये हवेबरोबर पाणीही असतं. ती लाइन उंच चढवली आणि तिच्यात पाणी साचलं, तर दर मीटर स्तंभामागे सुमारे 74 मिलिमीटर पाऱ्याइतका उलटा दाब पंपावर येतो. म्हणून हवा आणि पाणी वेगळं करणारा सेपरेटर पंपाजवळ, खालच्या पातळीवर ठेवावा.

दोष पंपात की लाइनमध्ये, हे ठरवायला सक्शनचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करून, रिलीफ व्हॉल्व्ह चालू ठेवून, पंपाच्या तोंडाशी दाब पाहावा. तिथे व्हॅक्यूम चांगला मिळाला तर गळती व्हॉल्व्हच्या पलीकडे लाइनमध्ये कुठेतरी आहे. ती शोधताना चालू व्हॅक्यूमवर साबणाचं पाणी लावून बुडबुड्यांची वाट पाहू नये, कारण हवा आत खेचली जात असते. ज्या भांड्यातून हवा खेचली जाते ते पंपापासून वेगळं करून त्यातला दाब किती वेगाने वाढतो ते पाहावं. भांड्याला तशी परवानगी असेल तर हलका दाब देऊन मग साबण लावावा.

आणि कंपनीतून अलाइनमेंट करून आलेला पंप पुन्हा तपासायला नको, असं मुळीच नाही. बेसप्लेट बोल्ट आवळताना पिळते, पाइप जोडताना केसिंग ओढली जाते. जोडणी झाल्यावर, पंप बंद ठेवून, फ्लँजचे बोल्ट सैल करून पाहावेत: पाइप जागचा हलला तर त्याला स्वतंत्र आधार द्यावा, आणि कपलिंगचं अलाइनमेंट त्यानंतर घ्यावं.