सेप्सिसमधील द्रवोपचार : प्रतिसादाचे मूल्यमापन

सेप्सिसमधील द्रवोपचार : जंतुसंसर्गाविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया अनियंत्रित होऊन इंद्रियांचे कार्य बिघडते व जिवाला धोका निर्माण होतो, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. तीत रक्तवाहिन्या विस्फारतात, केशवाहिन्यांतून द्रव ऊतकांत झिरपतो व हृदयाकडे परतणारे रक्त कमी पडते. परिणामी रक्तदाब घटतो आणि मेंदू, वृक्क (मूत्रपिंड) इ. इंद्रियांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून प्रतिजैविकांबरोबरच नीलेतून लवणद्राव किंवा तत्सम द्रव देतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अशा प्रौढ रुग्णास पहिल्या तीन तासांत दर किग्रॅ. वजनामागे किमान ३० मिलि. द्रव सुचविला आहे. त्यानंतरची मात्रा मात्र प्रतिसाद पाहूनच ठरवावी लागते.

तत्त्व : हृदयात परतणारे रक्त वाढले की स्नायुतंतू अधिक ताणले जातात व अधिक जोराने आकुंचन पावतात. हा नियम ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र या वाढीस मर्यादा आहे. ती गाठल्यावर दिलेल्या द्रवाने रक्तोत्सर्ग (हृदयाने दर मिनिटास बाहेर टाकलेले रक्त) वाढत नाही, उलट फुप्फुसांत व इतर ऊतकांत द्रव साचतो.

पद्धती : पूर्वी मध्यवर्ती नीलादाबावर भर असे, परंतु त्याच्या एका मोजमापावरून प्रतिसादाचे भाकीत करता येत नाही, असे दिसून आले आहे. म्हणून हृदयावरील भार थोडा बदलून रक्तोत्सर्गात पडणारा फरक मोजतात. अर्धवट बसविलेल्या रुग्णाचे धड खाटेसह आडवे करून पाय सु. ४५° वर उचलल्यास पायांतील सु. ३०० मिलि. रक्त हृदयाकडे येते. सु. एका मिनिटात रक्तोत्सर्ग १०% वा अधिक वाढल्यास प्रतिसाद अनुकूल समजतात. पाय खाली केल्यावर हा परिणाम नाहीसा होतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. केवळ रक्तदाब पाहणे येथे पुरेसे नसते; रक्तोत्सर्ग श्राव्यातीत तरंगांनी किंवा अन्य उपकरणाने मोजतात. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णात श्वासागणिक नाडीदाबात होणारा चढउतारही उपयोगी पडतो; परंतु हृदयाची लय अनियमित असल्यास किंवा रुग्ण स्वतः श्वास घेत असल्यास तो विश्वसनीय नसतो. साधने नसतील तेथे बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतण्यास लागणारा वेळ पाहतात. तो तीन सेकंदांहून अधिक असणे हे ऊतकांचा रक्तपुरवठा अपुरा असल्याचे लक्षण मानतात.

महत्त्व : अविचाराने दिलेला द्रव घातक ठरू शकतो. केन्या, टांझानिया व युगांडा येथील तीव्र ताप व अपुरा रक्तपुरवठा असलेल्या ३,१४१ बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जलद लवणद्राव दिलेल्यांपैकी १०.५%, तर तो न दिलेल्यांपैकी ७.३% बालके ४८ तासांत दगावली. यांतील अनेकांना हिवताप होता व तेथे अतिदक्षता विभागाच्या सोयी नव्हत्या. त्यामुळे हा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू होत नाही.

प्रतिसाद मिळणे म्हणजे द्रवाची गरज असणे नव्हे. निरोगी व्यक्तीचे हृदयही द्रवाला प्रतिसाद देते. ऊतकांना रक्त अपुरे पडत आहे, द्रवाने रक्तोत्सर्ग वाढेल व फुप्फुसे तो सोसतील, या तिन्ही गोष्टी पटल्यावरच पुढील मात्रा देतात. अन्यथा नॉरॲड्रेनॅलिनासारख्या वाहिनीसंकोचक औषधांवर भर देतात.